शेवटचे पान छापलेले नाही

अमरावती,
दिनांक ९ मे २०२४

प्रिय प्रियदर्शनी,

मी, देवमन पुंडलिक तायडे, वय वर्षे पंच्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, जिल्हा न्यायालयातून सेवानिवृत्त झालेला शिपाई, राहणार अमरावती, नात्याने तुझा आजोबा, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, पुढील मजकूर मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय आणि स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. तुला हसू येईल. येऊ दे. नोकरीची सारी वर्षे मी न्यायालयाच्या दाराशी उभा राहून साक्षीदारांची नावे पुकारली आणि त्यांच्या जबान्या ऐकल्या. माझी भाषा शाळेपेक्षा त्या दारानेच अधिक घडविली. तुझी आजी मला 'साहेब' म्हणत असे, आणि तो आदर नव्हता, हे तुला ठाऊक आहे. "साहेब, ते तुमचं सदरहू जरा बाजूले ठिवा अन् मिठाचा डबा द्या," असे ती चुलीपुढून म्हणे, आणि मी डबा देत असे.

फोन का केला नाही, असे तू विचारशील. तुमच्या अकोल्याच्या घरात फोन वाजला की तो एकाचा राहत नाही. तुझा बाप सुगत तो मोठ्या आवाजावर लावतो आणि तुझी आई स्वयंपाकघरातून उत्तरे देते. हा मजकूर तसा नाही. म्हणून रजिस्टर पोस्टाने, केवळ तुझ्या नावे पाठवीत आहे. पोस्टमन दारात आला की सही तू स्वतः कर, आणि पत्र गच्चीवर नेऊन वाच.

प्रथम इकडील वर्तमान. ऊन असे आहे की दुपारी राजकमल चौकात ऑटोवालेही थांबत नाहीत. माझी प्रकृती उत्तम. तुझ्या आजीच्या प्रथम स्मृतिदिनाचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम सव्वीस तारखेस विहाराच्या सभागृहात निश्चित झाला असून भन्तेजींना निमंत्रण दिले आहे. यवतमाळचे पाहुणे, म्हणजे नितेशचे आईवडील, त्याच दिवशी येणार असल्याचे सुगतने मला कळविले. त्यांची पसंती झाली आहे, नितेश सुस्वभावी आहे, केवळ तुझा होकार तू लांबवीत आहेस, असेही त्याने सांगितले. त्या होकाराविषयी मी तुला काही विचारले नाही आणि या पत्रातही विचारणार नाही. तू तयार केलेले आजीचे स्मरणपुस्तक सभागृहाच्या दाराशी टेबलावर ठेवायचे आणि त्याची पाने मोठी छापून भिंतीवर लावायची, असे आपले ठरले होते. छपाईचे काम तू माझ्यावर सोपविले होतेस. त्या कामात जे घडले, ते क्रमाने सांगतो.

तुझा व्यवसाय मला आरंभी कळला नव्हता. कोणाच्या बाळाचे पहिले वर्ष, कोणाच्या आईवडिलांची लग्नाची पन्नाशी, अशा छायाचित्रांची पाने तू संगणकावर सजवून देतेस. कागद नाही, कात्री नाही, डिंक नाही. न चिकटविता चिकटवही होते कशी, असे मी विचारले होते. भीमजयंतीला तू आलीस तेव्हा बाहेर मिरवणुकीचे ढोल वाजत होते आणि तू घरात पंख्याखाली बसून मला आजीचे पहिले पान दाखवीत होतीस. तू पांढरा, पूर्ण बाह्यांचा कुर्ता घातला होतास. एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्या कशाला, असे मी म्हटले. "ऊन लागते, आबाजी," एवढेच उत्तर दिलेस. आपण सावलीत बसलो होतो, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले नाही.

त्या दिवशी तू मला शिकविलेस की एका पानाच्या निरनिराळ्या प्रती जतन कराव्या लागतात. एक मूळ प्रत, जिच्यात प्रत्येक वस्तू आपापल्या थरावर असते: तळाशी कागद, त्यावर आजीच्या गोधडीचे कापड, त्यावर छायाचित्र, त्यावर निंबाची डहाळी, सर्वांत वर अक्षरे. तिच्यातून छपाईची प्रत निघते. तीत सर्व थर एकत्र दाबलेले असतात आणि ती आकाराने मोठी असते. पडद्यावर पाहण्याची प्रत मात्र लहान आणि हलकी, फोनवरून पाठविण्याजोगी. पान शार्प करायचे ते अगदी शेवटी, आकार निश्चित झाल्यावर, आणि प्रत्येक प्रतीचे वेगळे; कारण कागद शाई पितो आणि कडा मऊ करतो, म्हणून छापायच्या पानाला पडद्यापेक्षा अधिक धार द्यावी लागते. फार दिली तर कडेने पांढरी रेघ उमटते. मी हे सारे तुझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतले. मूळ प्रत कोणाला देतात, असे विचारले, तेव्हा तू म्हणालीस, "कोणालाच नाही, आबाजी. गिऱ्हाइकाला तर मुळीच नाही. तिच्यात आपण काय काय केलं ते सगळं दिसतं." हे वाक्य मी विसरलो नाही. तूही विसरू नकोस. शेवटी त्याची आठवण देणार आहे.

मला ते पटले, कारण आमच्याकडे जबानीचाही तसाच नियम असे. लिहिलेला शब्द बदलायचा असेल तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, आणि बाजूला सही करायची. शब्द काळा करून बुजविला तर न्यायाधीशसाहेब विचारीत, हे कोणी केले आणि कशासाठी केले.

काही दिवसांनी तू कुटुंबाच्या ग्रुपवर पाने टाकलीस. वाहवा सुरू झाली. चांदूर रेल्वेहून, आजीच्या माहेरातून, तिची भाची शालू हिने लिहिले, "आत्या काय मस्त दिसून राहिली वं, तोंडावर एक डाग नाई!" ते वाचून मी चष्मा पुसला आणि पान पुन्हा पाहिले. नाक तिचे होते, लुगडे तिचे होते, मांडीवर बसलेले आठ महिन्यांचे बाळ, म्हणजे तुझे वडील सुगत, तेही तेच होते. परंतु ती बाई माझी मैना, तुझी आजी, नव्हती. ओठांभोवतीचे पांढरे गेले होते, कपाळाच्या उजव्या बाजूचे गेले होते, बाळाला धरलेल्या दोन्ही हातांचे गेले होते. चेहरा सारवलेल्या भिंतीसारखा एकसारखा झाला होता.

तुझ्या आजीला कोड होते. हे मी स्पष्ट अक्षरांत लिहितो, कारण आपल्या घरात हल्ली हा शब्द कोणी उच्चारीत नाही. 'स्किनचा प्रॉब्लेम' म्हणतात. तुझ्या आजीने कधी तसे म्हटले नाही. इतवारा बाजारात ती भाजी विकत असे, तेव्हा एक बाई तिच्या हातची कोथिंबीर घेईना. मी माझ्या हाताने उचलते, म्हणाली. मैनाने तिला सांगितले, "उचला ना बाई, खुशाल उचला. पन पैसे माह्याच हातात द्या लागतीन, मंग कसं करता?" आजूबाजूच्या भाजीवाल्या हसल्या, ती बाईही हसली, आणि पुढे वर्षानुवर्षे तिच्याचकडे येत राहिली. सगळ्याच अशा हसणाऱ्या नव्हत्या. परंतु पदर ओढून हात झाकताना मी मैनाला कधी पाहिले नाही.

तेव्हा मला राग आला, आणि तो तुझ्यावर आला. हे लपवीत नाही. माझ्या नातीला तिच्या आजीची लाज वाटते, असे मी मनात नोंदविले आणि त्याच रागात फोन घेऊन यास्मीनच्या दुकानात गेलो. यास्मीन म्हणजे माझे जुने मित्र गयासुद्दीन यांची मुलगी. न्यायालयाच्या फाटकासमोर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. प्रतिज्ञापत्रांवर चिकटवायची अर्ध्या जिल्ह्याची छायाचित्रे त्यांनी काढली. आता तेथे ती फ्लेक्स आणि फोटो छपाईची यंत्रे चालविते आणि गयासुद्दीन कूलरसमोर खुर्ची टाकून तिच्या कामात चुका काढतात. मी फोन पुढे केला आणि म्हणालो, हे पान मोठे छापायचे आहे, आणि यातून जे पुसले गेले ते परत आणायचे आहे. तुझा सारा धडा रागाच्या भरात विसरलो होतो. यास्मीन म्हणाली, "काका, हे तं व्हॉट्सॲपचं पिल्लू हाय. याले भिंतीएवढं केलं तं काकू पान्यात बुडाल्यासारख्या दिसतीन. अन् पुसलेलं याच्यातून कसं आनू? मी काय जादूगार हाव?" मी हट्ट धरला. तिने एक प्रत छापून हाती दिली. खरोखर पाण्यात बुडाल्यासारखीच दिसत होती.

गयासुद्दीन यांनी ती प्रत मागून घेतली आणि बराच वेळ डोळ्यांजवळ धरली. "देवमनभाऊ, ये तो अपना फोटो है," ते म्हणाले. "हा म्याच काढला व्हता. अन् भाभीनं मले कसं झापलं व्हतं, याद हाय ना?" मला आठवत होते. तुला मात्र हे कोणी सांगितलेले नसावे, म्हणून सांगतो. त्या काळी काच-पडद्यावरचे हे तुमचे थर नव्हते, परंतु पुसण्याची विद्या होती. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून मुरुमे, सुरकुत्या, देवीचे व्रण नाहीसे करीत. गयासुद्दीन यांनी चांगल्या मनानेच विचारले होते, की भाभी, मी थोडी पेन्सिल फिरवितो, काहीच दिसणार नाही. मैना बाळाला मांडीवर सावरीत म्हणाली, "मंग ते फोटोतली बाई कोन व्हय? ह्या पोराले मोठेपनी फोटो दाखवाचा हाय मले. त्याले दुसऱ्याची माय काहून दाखवू?" गयासुद्दीन यांनी पेन्सिल खिशात ठेवली. छायाचित्र जसेच्या तसे निघाले, आणि आपल्या घरात चौकटीत लागले.

मी तेथूनच तुला फोन लावला आणि मूळ प्रत मागितली. "आबाजी, ती देत नसतात," असे म्हणालीस. मी उत्तर दिले, "मी गिऱ्हाईक नाही. मी पक्षकार आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी यास्मीनकडे लिंक आली.

तिने पान उघडले. पडद्याच्या उजव्या बाजूला सर्व थरांची नावे ओळीने होती आणि प्रत्येक नावापुढे एक लहानसा डोळा. गोधडी, फोटो, डहाळी, अक्षरे. फोटोच्या वर एक थर होता, त्याचे नाव तू 'आजी क्लीन' असे ठेवले होतेस. क्लीन! मी यास्मीनला तो शब्द पुन्हा वाचायला लावला. नंतर तिने त्या थरापुढचा डोळा मिटला आणि मैना आपल्या जागी आली, ओठांभोवती, कपाळावर, दोन्ही हातांवर, जशी होती तशी. गयासुद्दीन खुर्चीतून उठून उभे राहिले. मी यास्मीनला सांगितले की सर्व पानांवर हेच करायचे आणि हेच छापायचे.

त्याच दुपारी तुझ्या वडिलांचा फोन आला. ग्रुपवर मी 'छपाईत मूळ चेहरा येईल' एवढेच लिहिले होते, त्यावरून. सुगत पाटबंधारे खात्यात अधिकारी आहे, त्याला माणसे वळविता येतात. आरंभी तो गोड बोलला. मी बधत नाही असे पाहिल्यावर म्हणाला, "बाबा, चार डाग काढले तं काय आभाळ कोसळलं? यवतमाळचे लोकं येऊन राहिले. त्यायले भिंतीभर आईचं कोडच दाखवाचं हाय का? उद्या ते म्हनतीन, घराण्यात हाय, पोरीले होईन. मंग प्रियूचं काय कराचं?" मी म्हणालो, "डाग तुझ्या आईच्या साडीवर पडत, भाजीचे. चेहऱ्यावर कोड होते." तो म्हणाला, "तुमी अजून कोर्टातच उभे हा!" मी म्हणालो, "होय. आणि ज्या मुलाला दाखविण्यासाठी ते छायाचित्र तसे काढले, तो मुलगाच आज दुसऱ्याची माय मागतो आहे, हेही नोंदवून घेतले." त्यावर त्याने फोन ठेवला. दोन दिवसांनी तुझ्या आईने केला, रडली, आणि तुझ्या बाबांचा रक्तदाब वाढला म्हणाली. सुगतने औषध वेळेवर घ्यावे, असे मी तिला सांगितले. पाने बदलणार नाहीत, हेही सांगितले.

हा माझा हटवादीपणा आहे असे ते दोघे म्हणतात. असेल. मी सात वर्षांचा असताना माझ्या वडिलांनी मला बोटाला धरून धम्मदीक्षेला नागपूरला नेले. त्या गर्दीत मला काहीच दिसले नाही, परंतु परत येताना वडील मला जे म्हणाले ते आठवते: "आता कोनाच्या हातचं पानी कोनाले चालत नाई, हे आपल्या घरात ऐकू आलं नाई पायजे." मैनाच्या मनगटावर पहिला पांढरा ठिपका आला तेव्हा आमच्या लग्नाला थोडीच वर्षे झाली होती. माझ्या मामांनी मला बाजूला घेऊन सुचविले की तिला चांदूरला धाडावे आणि दुसरी पाहावी. मी त्यांना न्यायालयाच्याच भाषेत सांगितले, अर्ज नामंजूर. अपील करू लागले, तेव्हा त्यांची चप्पल शोधून दिली. मैना आतून सारे ऐकत होती. मामा गेल्यावर म्हणाली, "साहेब, आज तुमचं सदरहू कामी आलं." ज्या घराने बाहेरची शिवाशीव दारात उभी केली नाही, त्या घरात मी आतल्या माणसाची शिवाशीव चालू देऊ काय? आणि तीही तिच्या मृत्यूनंतर, ती "मंग ते कोन व्हय" असे विचारू शकत नाही म्हणून?

यवतमाळच्या पाहुण्यांना भिंत पाहून परत जायचे असेल तर त्यांनी जेवून जावे. वाढण्यात कमतरता होणार नाही. माझे म्हणणे एवढेच.

येथपर्यंत मी जे लिहिले, ते दहा दिवसांपूर्वीही तुला लिहिले असते, आणि अधिक कठोर शब्दांत. तुझ्याविरुद्ध तक्रार म्हणूनच लिहिले असते. एक मसुदा लिहिलाही होता, तो फाडला. कारण नंतर शेवटच्या पानाची पाळी आली.

शेवटच्या पानावर एकच छायाचित्र आहे: तुझ्या आजीचा हात आणि त्यात तुझा हात. मागच्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात, ती अंथरुणाला खिळण्यापूर्वी, अंगणात उन्हात बसली असताना तू ते काढलेस. तिचा हात जवळजवळ सारा पांढरा झाला होता. याही पानावर 'आजी क्लीन' होता. यास्मीनने तो डोळा मिटला, पान छपाईच्या आकाराचे केले, तू सांगितले होतेस त्याप्रमाणे सर्वांत शेवटी शार्प केले, आणि पाहण्यासाठी एक प्रत काढली. मी ती प्रत दारापाशी उजेडात नेली. फारच सुंदर निघाली होती. आजीच्या हातावरची प्रत्येक शीर, प्रत्येक रेषा वर आली होती. नखांत अडकलेली माती दिसत होती. तुझ्या हातावरची बारीक लव दिसत होती, घड्याळाच्या पट्ट्याची शिवण दिसत होती. फक्त पट्ट्याच्या किंचित वर, चिंचोक्याएवढ्या जागेत, काहीच दिसत नव्हते. ना लव, ना रेषा. साऱ्या पानाला धार आली होती आणि तेवढीच जागा नव्या गिलाव्यासारखी गुळगुळीत राहिली होती. तिच्या कडेने एक अस्पष्ट पांढरी रेघ उमटली होती.

फोनवरच्या लहान प्रतीत ते कोणाला दिसले नसते. छापील प्रतीतही दुसऱ्या कोणाला कळले नसते. परंतु मी ती जागा ओळखतो, प्रियदर्शनी. डावे मनगट, आतल्या बाजूचे. मैनाचे तेथूनच सुरू झाले, आणि पहिला ठिपका चिंचोक्याएवढाच होता. ती बांगड्या वर सरकवून मला तो दाखवीत होती, तो क्षण मला दारात उभ्या उभ्या पुन्हा दिसला. मग पंख्याखालच्या त्या पूर्ण बाह्या आठवल्या, आणि तुझा लांबलेला होकार. आत यास्मीन म्हणाली, "काका, इथं अजून एक थर हाय. याले नावच नाई ठेवलं. याचा बी डोळा मिटू का?" तिचे बोट तयार होते. मी नको म्हणालो. आवाज मोठा झाला असावा, कारण गयासुद्दीन दचकले. मी खालच्या आवाजात पुन्हा सांगितले की तो डोळा आपला नाही.

म्हणून हे पत्र. मैनाची पाने छापून झाली आहेत आणि ती भिंतीवर लागतील. त्यात माघार नाही, तिने स्वतः सांगितले होते म्हणून. शेवटचे पान छापलेले नाही. मैनाच्या चेहऱ्याविषयी मी बोलू शकतो. तुझ्या मनगटाविषयी तुझ्याशिवाय कोणी बोलू शकत नाही, तुझे वडील नाहीत, यवतमाळचे नाहीत, मीही नाही. तो थर ठेवून छाप म्हणालीस तर तसे छापीन, काढून छाप म्हणालीस तर तसे, आणि हे पान नकोच म्हणालीस तर भिंतीवर तेवढी जागा मोकळी ठेवून मी तेथे उभा राहीन. औषध घ्यायचे असेल तर अवश्य घे. औषध घेणे आणि तोंड लपविणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नितेशला सांगायचे असेल तेव्हा तू सांग, आणि सोबत कोणी हवे असेल तर मी अकोल्याला येतो. त्याने नाही म्हटले तर त्याची चप्पल मी शोधून देतो, मला सवय आहे. तुला तुझ्या आजीची लाज वाटली असे मी मनात लिहिले होते, ते एक रेघ मारून खोडले आहे आणि बाजूला सही केली आहे. तू तिला पुसत नव्हतीस, तू घाबरली होतीस, आणि घरात ज्या एका माणसाला ते सांगता आले असते ती वर्षापूर्वी गेली. मूळ प्रत कोणालाच देत नाहीत, हे तूच मला शिकविले होतेस. तीत आपण काय काय केले ते सगळे दिसते. तरीही तू ती मला पाठविलीस. ती चुकून पाठविलीस की कोणीतरी पाहावे म्हणून पाठविलीस, हे मी विचारणार नाही. मी पाहिले आहे, एवढेच कळवितो. छायाचित्राच्या वेळी तुझ्या आजीच्या अधू नजरेला ते दिसले नसावे; दिसले असते तर तिने तुझे मनगट हातात घेऊन, आधी चांगले निरखून, म्हटले असते, "अवं, हे तं माह्यं व्हय. तुह्याकडं कवा आलं?" आणि तुला हसायला भाग पाडले असते. ते मला जमत नाही. मी फक्त दाराशी उभा राहू शकतो, आणि ते मी जन्मभर केले आहे.

तुझाच,
आबाजी
(देवमन पुंडलिक तायडे, सही स्वहस्ते)

हे पत्र यास्मीनच्या दुकानात, कूलरच्या आवाजात लिहिले. समक्ष हजर साक्षीदार: एक, गयासुद्दीन, जुने छायाचित्रकार, दोन, यास्मीन, त्यांची मुलगी. दोघांना मजकूर वाचून दाखविलेला नाही. सही माझ्या हातची आहे एवढ्यापुरतेच ते साक्षीदार. तीन, मैना देवमन तायडे, आत्ताच यंत्रातून निघाली आहे, शाई ओली असल्यामुळे समोरच्या टेबलावर वाळत ठेवली आहे. तिचा चेहरा उघडा आहे.